सक्युलंटची मुळं कुजली? आधी कापा, मग थांबा

सक्युलंटची, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडाची, पानं सुरकुतली, झाड मलूल दिसायला लागलं की बहुतेकांचा हात झारीकडे जातो. तो हात आधी आवरा. झाड तहानलेलं असेल तर आणखी दोन दिवस पाण्यावाचून त्याचं काही बिघडत नाही. पण मुळं कुजली असतील तर तेच झारीभर पाणी त्याला संपवू शकतं. म्हणून शंका आली की पाणी बंद करायचं, झाड कुंडीतून बाहेर काढायचं आणि मुळं डोळ्यांनी बघायची.

ओळखीपाळखीच्या लोकांची आजारी सक्युलंट्स माझ्याकडे नेहमी येतात. कोणी पिशवीत घालून आणतं, कोणी फोटो पाठवून विचारतं. त्यातली पुष्कळ वाचतात. जी वाचत नाहीत त्यांच्या बाबतीत एक तर फार उशीर झालेला असतो, नाहीतर कापताना कोणाचं तरी मन कच्चं पडलेलं असतं. या झाडांबद्दल एकच गोष्ट पक्की समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरून सुचत जाईल: सक्युलंटला मुळं नसणं ही घाईची बाब नाही, कूज खोडातून वर चढत राहणं ही घाईची बाब आहे. पानांत आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर ही झाडं मुळांशिवाय आठवडेच्या आठवडे काढतात. कूज मात्र आज जिथे आहे तिथे उद्या थांबलेली नसते. तेव्हा बाहेर काढण्याची आणि कापण्याची घाई करायची. सुकवण्याची, लावण्याची, पाणी घालण्याची अजिबात करायची नाही. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मला याच्या बरोबर उलटं घडलेलं दिसतं. कापायला महिनाभर मन धजत नाही, आणि कापल्यावर त्याच संध्याकाळी कुंडीत लावून पाणी घातलेलं असतं.

मुळं कुजतात म्हणजे काय होतं

मुळांनाही प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाणी घातलं की त्या पोकळ्या भरतात. निचरा चांगला असेल तर थोड्याच वेळात पाणी खाली उतरतं आणि त्याच्या मागून हवा आत येते. निचरा नसेल तर पोकळ्या पाण्यानेच भरलेल्या राहतात, मुळांचा श्वास कोंडतो आणि त्यांच्या पेशी मरायला लागतात. मग मातीत आधीपासून असलेले रोगजंतू या मेलेल्या, दुबळ्या मुळांवर तुटून पडतात. त्यातले पिथियम आणि फायटोफ्थोरा हे तर खास पाण्याचे रहिवासी. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात. ते बुरशीसारखे दिसतात, पण खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. म्हणूनच बुरशीवर चालणारं प्रत्येक औषध त्यांच्यावर चालतंच असं नाही. फ्युजॅरियम ही खरी बुरशी, तीही याच संधीची वाट बघत असते. जिवाणू शिरले तर झाडाचा अक्षरशः लगदा होतो आणि घाण वास येतो.

सक्युलंटच्या बाबतीत हे इतकं पटकन का होतं, याचं कारण त्यांच्या राहणीत आहे. यातली बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा रंध्रं बंद ठेवूनच त्यापासून अन्न तयार करतात. उन्हात पाणी उडून जाऊ नये यासाठी ही सोय आहे. जेड, एचेव्हेरिया, सीडम, कलांचो ज्या क्रॅसुलेसी कुळातली आहेत, त्याच कुळाच्या नावावरून या पद्धतीला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम हे नाव पडलं. कुंडीपुरता याचा अर्थ असा, की हे झाड पाणी फार सावकाश पितं. शेजारच्या मनीप्लांटची कुंडी जितक्या दिवसांत कोरडी होते, तितक्या दिवसांत याची होत नाही. दोघांना एकाच दिवशी, एकाच मापाने पाणी घातलं की सक्युलंटची मुळं कायम ओलीत राहतात. त्यात हवा गार असली किंवा झाड अंधाऱ्या कोपऱ्यात असलं तर ओल आणखीच रेंगाळते.

तहान की कूज?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, कारण दोन्हींत पानं सुरकुततात. मुळंच मेली तर माती ओली असूनही वर पाणी पोचत नाही, आणि झाड तहानलेल्यासारखं दिसतं. मग त्याला आणखी पाणी घातलं जातं.

फरक बोटांना कळतो. तहानलेल्या झाडाचं पान सुरकुतलेलं असतं, चेपलं तर थोडं लवतं, पण त्याची साल शाबूत असते आणि ते खोडाला घट्ट धरून असतं. सगळ्यात खालची पानं वाळून कागदासारखी झालेली असतात. ते तर निरोगी झाडातही होतं, त्याची काळजी नको. कूज लागलेल्या झाडाचं खालचं पान फुगीर, पिवळट आणि अर्धपारदर्शक दिसतं, आत पाणी भरल्यासारखं. बोट लावलं की लिबलिबीत लागतं, आणि नुसत्या स्पर्शाने गळून पडतं. पान गळलं की त्याची खोडावरची जागा बघा. ती हिरवी-पांढरी आणि कोरडी असेल तर बरं. तपकिरी, काळपट, ओली असेल तर कूज खोडात शिरली आहे.

आणखी दोन खुणा मी बघते. एक म्हणजे झाड हळूच हलवून बघायचं. निरोगी झाड मातीला धरून असतं, कुजलेलं डुगडुगतं. दुसरी खूण कुंडीच्या वजनाची. पाणी घालून बरेच दिवस झाले आणि कुंडी अजून जड लागते, तर पाणी कोणी पीतच नाहीये. एक कोरडी लाकडी काडी तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी काढा. काडी ओलसर निघाली, तिला माती चिकटली आणि वर झाड सुरकुतलेलं असेल, तर मुळांना काहीतरी झालं आहे हे नक्की समजा.

तरीही खात्री होत नसेल तर झाड उपटून बघाच. सक्युलंटला कुंडीतून काढल्याने काहीही होत नाही. मुळं ठीक निघाली तर दोन दिवस हवेशीर ठेवून परत लावता येतं.

बाहेर काढणं आणि मुळं तपासणं

खोड धरून ओढू नका. खोड कुजलं असेल तर वरचा भाग हातात आणि खालचा मातीत राहील. कुंडी आडवी करा, बाजूंनी थोपटा आणि मातीचा गोळा सरकवून बाहेर घ्या. मग बोटांनी माती सैल करत सगळी झाडून टाका. मुळांमध्ये अडकलेली नर्सरीची मूळ माती पुष्कळदा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) घट्ट गोळा असते. बाहेरची माती कोरडी झाली तरी हा गोळा आतून ओलाच राहतो, आणि कूज बहुतेक वेळा तिथूनच सुरू झालेली सापडते. तोही पूर्ण काढायचा. निघत नसेल तर वाहत्या पाण्याखाली धुऊन काढायला हरकत नाही, फक्त नंतर मुळं नीट सुकू द्यायची.

आता मुळं एकेक करून बघा. निरोगी मूळ पांढरं, मलईच्या रंगाचं किंवा फिकट बदामी असतं आणि ओढलं तर ताण धरतं. कुजलेलं मूळ गडद तपकिरी किंवा काळं असतं. ते दोन बोटांत धरून हलकेच ओढलं की बाहेरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आत फक्त केसासारखा एक धागा उरतो. हे एकदा स्वतः करून बघा, मग परत कोणाला विचारावं लागणार नाही. आणि वास घ्या. चांगल्या मातीला मातीचा वास असतो. कुजलेल्या मुळांना साचलेल्या गटारासारखा आंबूस वास येतो.

तपकिरी म्हणजे कुजलेलंच, असं मात्र नाही. जुनी, जाड मुळं रंगाने गडद असूनही टणक असतात, ती ठेवायची. काही मुळं नुसती वाळलेली असतात, कोरडी आणि ठिसूळ. तीही धोक्याची नाहीत, कापून टाकली की झालं. हावर्थियाच्या बाबतीत तर विशेष जपून. तिची जाड मुळं जुनी झाली की आपोआप पोकळ होतात आणि त्यांच्या जागी खोडाजवळून नवी येतात. पाच-सहा पोकळ मुळं बघून घाबरून सगळीच छाटू नका. खोडाजवळ पांढरी, टणक नवी मुळं दिसत असतील तर जुनी काढा आणि परत लावा.

माती झाडताना मुळांवर पांढरा, कापसासारखा, मेणचट थर दिसला तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण असू शकतो. परलाइटचे (मातीत मिसळतात त्या पांढऱ्या, हलक्या खनिजाचे) कण कडक असतात, हा चिरडला जातो. तो असेल तर मुळं धुऊन, खराब भाग कापूनच पुढे जायचं, आणि ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत वापरायची नाही.

कापायचं कुठपर्यंत

धारदार, पातळ पातं घ्या. बोथट कात्रीने खोड चेंगरतं, आणि चेंगरलेली जखम नीट सुकत नाही. पातं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. ९९ टक्के वापरलं तर जास्त चांगलं, असं वाटतं खरं, पण ते इतक्या लवकर उडून जातं की काम पुरं होत नाही. पाण्याचा अंश असलेलं ७० टक्केच जंतूंवर जास्त परिणामकारक असतं. आणि पातं एकदा पुसून भागत नाही. कुजलेल्या भागातून गेलेलं पातं पुढच्या कापाच्या आधी पुसायचंच, प्रत्येक वेळी. नाहीतर जी कूज काढतोय तीच आपण वर नेऊन लावतो.

कूज फक्त मुळांच्या टोकांना असेल तर काम सोपं आहे. मऊ मुळं चांगल्या भागापर्यंत छाटा आणि सुकायला ठेवा. खोडाच्या बुडापर्यंत पोचली असेल तर मुळांचा मोह सोडायचा आणि खोडच कापायचं.

खोडाचा काप घेतल्यावर लगेच दुसरा घेऊ नका, आधी उजेडात धरून नीट बघा. निरोगी खोडाचा काप सगळीकडे एकसारखा असतो: फिकट हिरवा किंवा पांढरट, ओलसर, टणक. मध्ये एक बारीक वलय दिसतं, तेही त्याच रंगाचं. त्या वलयातूनच पाणी वर जातं, आणि कूजही बहुतेक त्याच वाटेने चढते. वलयावर एखादा तपकिरी ठिपका, मध्यभागी गंजासारखी छटा, किंवा एका बाजूला पाणी मुरल्यासारखा काचेरी डाग दिसला, तर अजून वर कापायचं. पातं पुसायचं, अर्धा सेंटिमीटर वर जायचं, परत बघायचं. काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत असंच करत राहायचं.

मन इथेच कच्चं पडतं. हातभर उंचीचं जेड असतं, वर्षानुवर्षं वाढवलेलं. खालून कापत कापत वर आलं, आता एकच ठिपका उरला आहे, सुईच्या टोकाएवढा. तेवढ्यासाठी आणखी एक फांदी कशाला घालवायची, असं वाटतं. घालवा. त्या ठिपक्यासकट लावलेलं कलम आठवडाभर छान दिसतं आणि मग बुडापासून काळं पडायला लागतं. मी जेडचं संपूर्ण खोड टाकून देऊन शेंड्याची चार पानांची काडी तेवढी ठेवलेली आहे, आणि असा निर्णय परत घ्यायची वेळ आली तर परत तेच करीन. चार स्वच्छ पानांच्या काडीत पूर्ण झाड असतं, एक डाग असलेल्या हातभर खोडात नसतं.

एचेव्हेरियासारख्या गुलाबाच्या आकाराच्या झाडात खोड आखूड असतं, त्यामुळे कापायला जागा मिळावी म्हणून खालची पानं आधी काढून घ्या. पान धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवायचं, म्हणजे ते बुडासकट सुटतं. ही पानं टाकू नका, त्यांचं काम पुढे आहे. वर कापत गेलात आणि खोड संपून नुसता पानांचा गाभा उरला, आणि तोही मधून तपकिरी निघाला, तर झाड म्हणून ते वाचणार नाही. पण स्वच्छ पानं वाचतील.

कापलेल्या जागी काय लावायचं, हा प्रश्न मला हमखास येतो. गंधकाची भुकटी मिळाली तर पातळसा थर लावा, चांगली असते. नाही मिळाली तरी अडत नाही. दालचिनीची पूड लोक लावतात. ती लावायचीच असेल तर फक्त कापावर, उरलेल्या मुळांवर नको, कारण ती त्यांना वाळवून टाकते. हायड्रोजन पेरॉक्साइड मी वापरत नाही. ते फेस काढतं म्हणून काम करतंय असं वाटतं, पण जिवंत पेशींनाही ते सोडत नाही. खरं औषध कोरडेपणा आणि वारा हेच आहे.

सुकवणं

कापलेला भाग सावलीत, उजेड आणि हवा खेळती असेल अशा जागी ठेवा. सरळ ऊन नको. मुळं नसलेलं झाड उन्हात पटकन भाजतं. सीडमसारख्या बारीक काडीला तीन-चार दिवस पुरतात. बोटाएवढ्या जाड खोडाला आठवडा लागतो. जाड निवडुंगाला दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त द्यावे लागतात. हवा दमट असेल तर या सगळ्यात भर धरा. जखमेवर कडक, कोरडी खपली धरली पाहिजे. बोट फिरवलं तर कुठेही ओल किंवा चिकटपणा लागता कामा नये.

या दिवसांत काप रोज बघत जा. पांढरट राहिलेला किंवा हलकासा बदामी झालेला काप चांगला. मध्ये काळा डाग उमटून तो पसरायला लागला, तर आत कूज राहिली होती. परत पातं घ्या आणि वर कापा. मातीत लावलं असतं तर हे दिसलंच नसतं, सुकवण्याचा हा मोठा फायदा आहे.

एचेव्हेरियाचं कापलेलं डोकं मी रिकाम्या काचेच्या पेल्याच्या तोंडावर ठेवते. पानं काठावर टेकतात आणि खोडाचा तुकडा आत हवेत लोंबतो, जमिनीला कुठेही लागत नाही. पेल्यात पाणी घालायचं नाही. बरेचदा मातीत लावायच्या आधीच खोडाच्या बाजूने, जिथून पानं काढली तिथून, दोऱ्यासारखी गुलाबी मुळं बाहेर येतात. सुरुवातीला नुसते ठिपके असतात, मग दोन-तीन मिलिमीटरचे अंकुर, आणि त्यांचा गुलाबी रंग इतका स्पष्ट असतो की दुरूनही दिसतो. ती आली की झाडाने पुढचं ठरवलं आहे असं समजावं, आणि आता ते लावायला हरकत नाही.

शेर, क्राउन ऑफ थॉर्न्स अशा युफोर्बिया प्रजातीतल्या झाडांना कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते आणि त्वचेवरही आग होते. हातमोजे घाला, चेहरा लांब ठेवा, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना जवळ येऊ देऊ नका. कापावर पाणी मारलं की चीक गोठून थांबतो, मग कापलेला भाग सुकायला ठेवायचा. जाड निवडुंग कापला तर कापाच्या कडा पेन्सिल तासल्यासारख्या तिरक्या छाटा. सुकताना मधला गर आत खेचला जातो. कडा तशाच ठेवल्या तर तिथे वाटीसारखा खळगा होतो, आणि मुळं ज्या मधल्या वलयातून फुटतात ते मातीपासून लांब राहतं.

माती आणि कुंडी

माती सुटी, खरबरीत आणि भराभर निचरा होणारी हवी. मी दोन भाग खडबडीत कण आणि एक भाग कोकोपीट किंवा जुनं, चांगलं कुजलेलं खत घेते. खडबडीत कण म्हणजे प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), परलाइट, विटांचे तुकडे किंवा बारीक खडी, साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे. ते चाळून त्यातली धूळ काढून टाका. बारीक वाळूने निचरा सुधारतो असं मानलं जातं. प्रत्यक्षात ती पोकळ्यांमध्ये जाऊन बसते आणि माती आणखी घट्ट होते. समुद्राची वाळू तर मिठामुळेही नको.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालण्याबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे, कारण हा सल्ला अजून सगळीकडे दिला जातो. तो थर घालू नका. पाणी बारीक कणांच्या मातीतून मोठ्या खड्यांमध्ये सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत ते तिथेच धरून ठेवलं जातं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा राहिला असता, तोच खड्यांमुळे वर सरकून मुळांच्या जवळ येतो. हे घरी बघता येतं. एक स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा आणि ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. न पिळता त्यातून आणखी पाणी गळेल. उंची वाढली की पाणी जास्त निथळतं. उथळ, पसरट कुंडीत मातीचा मोठा हिस्सा ओला का राहतो, तेही यावरून कळतं. तेव्हा भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच माती भरा.

कुंडी भाजलेल्या मातीची, भोक असलेली, आणि मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती प्यायला मूळच नसतं, म्हणून ती ओलीच राहते. भोक नसलेल्या शोभेच्या भांड्यात झाड परत लावणार असाल, तर आतापर्यंतचं सगळं कापणं फुकट.

माती कोरडी भरा, खोडाचा बूड जेमतेम टेकेल इतकंच आत घ्या, आणि डुगडुगत असेल तर बाजूंनी दोन-चार खडे लावून आधार द्या. पानं मातीला टेकू देऊ नका.

पहिलं पाणी

थोडी मुळं उरली होती आणि ती छाटून, सुकवून लावली असतील तर आठवडाभराने हलकं पाणी द्या. मुळं अजिबात नसतील तर ती फुटेपर्यंत थांबायचं. ते दोन आठवड्यांत होतं, चारही लागतात, थंडीत त्याहून जास्त. या काळात खालची पानं आक्रसतील. झाड त्यांच्यातलं पाणी वापरून मुळं करत असतं, ती बघून घाबरू नका. शेंड्याची, अगदी मधली पानं घट्ट आहेत ना, तेवढं बघा. हलकेच वर ओढून बघितल्यावर झाडाने मातीला धरलं, की मुळं आली. मग बाजूने थोडं पाणी घाला.

त्यानंतर दर वेळी माती तळापर्यंत कोरडी झाली, काडी कोरडी निघाली, की भोकातून वाहेल इतकं भरपूर पाणी द्यायचं आणि बशीत जमलेलं ओतून टाकायचं. रोज चमचाभर पाणी देण्याची सवय वाईट. वरची माती कायम दमट राहते आणि खालच्या मुळांना काही मिळत नाही. खत नवी पानं फुटायला लागेपर्यंत बिलकूल नको.

फक्त पानं उरली असतील तर

एचेव्हेरिया, ग्राप्टोपेटलम, सीडम, जेड, कलांचो यांच्या एका पानापासून नवं रोप होतं. पान बुडासकट अखंड निघालेलं असावं, मध्ये तुटलेलं नको. दोन-तीन दिवस सुकवून कोरड्या मातीवर नुसतं ठेवून द्या, खोचू नका. काही आठवड्यांनी बुडाशी मुळं आणि टाचणीच्या डोक्याएवढी पानं दिसतील, तेव्हा अधूनमधून पाण्याचा फवारा सुरू करा. जुनं पान स्वतःहून वाळेपर्यंत काढू नका, रोप त्याच्यावरच जगत असतं.

कोरफडीच्या पानाला हे जमत नाही. ते मातीत खोचलं तर कुजतं. कोरफड वाचवायची तर खोडाचा थोडा तरी स्वच्छ भाग हवा, किंवा बाजूला फुटलेलं पिल्लू हवं. एओनियमचंही तसंच, पानं लावण्यात वेळ घालवू नका. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे मात्र मुळं धरतात, फक्त वरची बाजू वरच राहील याकडे लक्ष द्या. पिवळ्या कडेच्या जातीच्या तुकड्यांतून येणारी रोपं साधी हिरवी निघतात. ती कडा हवी असेल तर जमिनीखालच्या गड्ड्याचा स्वच्छ तुकडा पिल्लासकट वाचवा.

अडेनियमचं जाड बूड मऊ लागलं तर लगेच सुरी काढू नका. सगळीकडून सारखंच मऊ आणि कोरडं असेल तर ती बहुधा तहान असते. एकाच जागी मऊ, गडद आणि ओलं असेल तर कूज. तेवढा भाग कोरून स्वच्छ गरापर्यंत या आणि जखम उघडी ठेवून वाळवा. लिथॉप्स (खड्यासारखं दिसणारं बुटकं सक्युलंट) मात्र एकदा लिबलिबीत झाला की त्यात कापण्यासारखं काही उरत नाही. तिथे वेळ घालवण्यापेक्षा त्याच कुंडीतले बाकीचे लिथॉप्स ताबडतोब वेगळे करा.

जुनी माती, जुनी कुंडी

कुजलेला भाग आणि जुनी माती कंपोस्टमध्ये घालू नका, कचऱ्यात टाका. घरच्या कंपोस्टला रोगजंतू मरतील इतकी उष्णता येतेच असं नाही, आणि ते तिथून सगळ्या कुंड्यांत पोचतात. कुंडी आधी घासून धुवा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवा. हे काम हवेशीर जागी करा, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रव मिसळू नका. मातीची कुंडी हे द्रावण शोषून घेते, म्हणून नंतर ती दोन-तीनदा साध्या पाण्यात भिजवून काढा आणि उन्हात पूर्ण वाळवा. भिजलेली कुंडी गडद दिसते. तिचा रंग सगळीकडे सारखा फिका झाला की ती वापरायला तयार आहे.